कैरोच्या कोठीतले कागद आणि सोलापूरची रद्दी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या आधी घरोघरी आणि दुकानोदुकानी जी आवराआवर होते, तिच्यात आपल्या शहरातून किती जुना कागद रद्दीच्या भावाने जातो याची मोजदाद कोणीच ठेवत नाही. मंगळवार पेठ, साखर पेठ, फलटण गल्ली, नवी पेठ या भागांतले जुने वाडे आता एकामागून एक उतरवले जात आहेत, आणि वाडा पाडण्याआधी माळ्यावरून जे सामान खाली येते त्यात लाल कापडी बांधणीच्या वह्या, रुमालात बांधलेली पत्रे, वटलेल्या हुंड्या, सुताच्या गाठींच्या पावत्या असे बरेच काही असते. घरातल्या नव्या पिढीला मोडी वाचता येत नाही, त्यामुळे हातात काय आहे ते कळत नाही, आणि कोणी वाचून सांगितलेच तर ‘हे शिळे हिशेब आता कुणाला हवेत?’ असा प्रश्न येतो. या प्रश्नाचे उत्तर इजिप्तमधल्या एका बंद खोलीतून निघालेल्या मध्ययुगीन ज्यू कागदपत्रांनी फार स्पष्टपणे देऊन ठेवले आहे. ते आपल्या वाचकांपुढे यावे आणि त्यातून आपल्या शहरासाठी एक मागणी करावी, यासाठी हे पत्र.

ज्यू परंपरेत देवाचे नाव लिहिलेला कागद जाळत नाहीत आणि फेकूनही देत नाहीत. तो जीर्ण झाला की प्रार्थनागृहातल्या एखाद्या राखीव जागेत ठेवतात, तिला गेनिझा म्हणतात, आणि सवडीने तिथला साठा दफनभूमीत नेऊन पुरतात. जुन्या कैरोमध्ये, म्हणजे फुस्तात या वस्तीत, बेन एझरा नावाचे सिनेगॉग आहे. तिथे मात्र पुरण्याची ही शेवटची पायरी बहुतांशी राहूनच गेली. अकराव्या शतकात हे प्रार्थनागृह नव्याने बांधले गेले, आणि तेव्हापासून स्त्रियांच्या सज्जाच्या टोकाला असलेल्या एका कोठीत, शिडी लावून पोहोचावे लागेल इतक्या उंचीवरच्या भोकातून, लोक कागद आत टाकत राहिले. एकोणिसाव्या शतकापर्यंत ही रीत चालू होती. इजिप्तची हवा कोरडी, त्यामुळे आपल्याकडे कसर आणि वाळवी जे काम दहा-वीस वर्षांत उरकतात ते तिथे शतकानुशतके झाले नाही.

कोठीत धर्मग्रंथांची पाने होती, प्रार्थनेची पुस्तके होती, धर्मशास्त्रावरचे निर्णय होते, ते असणारच. पण त्यांच्या जोडीला व्यापाऱ्यांची पत्रे, भागीदारीचे करार, विवाहकरार, घटस्फोटाचे लेख, वैद्याने लिहून दिलेल्या औषधांच्या याद्या, ताईत, मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून रंगीत चित्रे काढलेली पाने, आणि गरिबांना मंगळवारी व शुक्रवारी भाकरी वाटण्यासाठी केलेल्या नावांच्या याद्या असाही मोठा ऐवज निघाला. हे सगळे धार्मिक कोठीत का पोहोचले? पत्राचा आरंभ ईश्वराच्या नावाने होत असे, हिब्रू लिपीलाच एक प्रकारचे पावित्र्य होते, आणि एकदा सवय लागली की माणूस कागद निवडत बसत नाही, घरातली सगळी चळत नेऊन टाकतो. या न निवडण्यावर मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

हे कागद जगापुढे कसे आले ती कथा अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून थोडक्यात. ॲग्नेस स्मिथ लुईस आणि मार्गारेट डनलॉप गिब्सन या स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जुळ्या विदुषी बहिणींनी पूर्वेकडच्या प्रवासात काही जुनी पाने विकत घेतली आणि १८९६ च्या मे महिन्यात ती केंब्रिजचे अध्यापक सॉलोमन शेख्टर यांना दाखवली. त्यांतले एक पान बेन सिरा या प्राचीन ग्रंथाच्या हिब्रू मूळ पाठाचे निघाले. तोवर युरोपातल्या पंडितांना हा ग्रंथ भाषांतरांतूनच माहीत होता. शेख्टर त्याच वर्षाच्या अखेरीस कैरोला गेले, तिथल्या मुख्य धर्मगुरूंची परवानगी मिळवली, अनेक आठवडे त्या धुळीत बसून कागद उपसले आणि जवळजवळ १ लाख ९३ हजार तुकडे केंब्रिजला आणले. प्रवासाचा खर्च सेंट जॉन्स कॉलेजचे प्रमुख चार्ल्स टेलर यांनी उचलला होता. दोघांच्या नावाने तो संग्रह १८९८ मध्ये विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देण्यात आला. योगायोग असा, की त्याच १८९८ साली आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. शेख्टर आणि राजवाडे यांपैकी एकाला दुसऱ्याची गंधवार्ता असण्याचे कारण नव्हते, पण जुन्या घरांतले कागद नष्ट होण्याआधी हाती घ्यावेत ही तळमळ दोघांची सारखीच होती.

यातल्या बऱ्याच कागदांची एक गंमत आहे, आणि सोलापूरकराला ती समजावून सांगावी लागणार नाही. त्यांची लिपी हिब्रू आहे आणि भाषा अरबी. फुस्तातचा ज्यू व्यापारी घरात, बाजारात आणि सरकारदरबारी अरबीच बोलत असे. लहानपणी गिरवलेली अक्षरे मात्र हिब्रू, म्हणून तो लिहिताना अरबी वाक्य हिब्रू अक्षरांत उतरवी. पत्राच्या मागे पत्ता लिहिताना पुष्कळदा तो हिब्रू आणि अरबी अशा दोन्ही लिप्यांत लिहिलेला आढळतो, म्हणजे ज्याच्या हाती पत्र सोपवले त्याला हिब्रू येत नसले तरी अडू नये. आता आपल्या शहराकडे पाहा. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कानडी बोलणारे अडते, गुजराती आणि मारवाडी पेढ्या, उर्दू बोलणारे कारागीर आणि मराठी कारकून हे एकाच बाजारात वावरले. सुताच्या ज्या पेढीवर मी हिशेब लिहीत आलो तिथल्या जुन्या वह्यांपैकी एकीचे पान मला अजून नीट आठवते: नोंद मोडीत, ‘वीस नंबर सूत, गाठी दोन, पैकी एक भिजलेली, सबब वजा’ अशी, तिच्या खाली माल नेणाऱ्या विणकराची सही तेलुगू अक्षरांत, आणि समासात मालकांनी पेन्सिलीने कानडीत केलेली खूण, जिचा अर्थ त्यांच्या मुलालाही सांगता येत नव्हता. असे पान वाचायला एक माणूस पुरत नाही. फुस्तातचे कागद वाचतानाही हिब्रू जाणणारा आणि अरबी जाणणारा असे दोघे लागतात, किंवा दोन्ही जाणणारा एखादा विरळा लागतो.

तो विरळा माणूस म्हणजे एस. डी. गॉइटाइन. जर्मनीत जन्मलेले, अरबीचे अभ्यासक, पुढे जेरुसलेम आणि अमेरिका इथे काम केलेले गॉइटाइन १९८५ मध्ये वारले, तोवरची तीन दशकांहून अधिक वर्षे त्यांनी या कागदांना दिली. त्यांच्या आधीचे बहुतेक पंडित धर्मग्रंथ आणि काव्य यांच्या पानांमागे होते. हिशेब आणि पत्रे त्यांच्या लेखी दुय्यम होती. गॉइटाइन यांनी नेमकी तीच बाजूला पडलेली पाने उचलली आणि भूमध्य समुद्राकाठच्या मध्ययुगीन समाजाचे पाच मोठ्या खंडांचे चित्र उभे केले, ज्यात राजेरजवाडे फारसे नाहीत, तर भाडेकरू, दलाल, रंगारी, शाळामास्तर, विधवा आणि कर्जदार आहेत. हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्यांची पत्रे त्यांनी वेगळी काढली होती. ते काम मॉर्डेकाय फ्रीडमन यांनी पुढे नेले आणि त्याचा मोठा इंग्रजी ग्रंथ २००८ मध्ये निघाला.

या हिंदुस्थानी पत्रव्यवहारातला अब्राहम बेन यिजू हा माणूस मराठी वाचकांना माहीत असायला हवा. तो मूळचा ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या महदिया या गावचा. येमेनमधल्या एडन बंदरामार्गे तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आला आणि ११३२ ते ११४९ या काळातली बहुतेक वर्षे त्याने मंगळूर आणि मलबारच्या परिसरात काढली. १७ ऑक्टोबर ११३२ रोजी मंगळुरात त्याने अशू नावाच्या स्त्रीला दास्यातून मुक्त केल्याचा दस्त आजही उपलब्ध आहे, आणि पुढे तिच्याशीच त्याने संसार केला असे अभ्यासक मानतात. त्याचा एक कारखाना होता, तिथे काशाची भांडी घडत. एडनचे व्यापारी त्याच्याकडे फुटकी-तुटकी तांब्याची भांडी आणि कच्चा धातू पाठवीत व त्याबदल्यात अमुक घडणीचे तस्त, तमुक आकाराचा दिवा घडवून मागत. मिरी, लोखंड, सुपारी, वेलची इकडून जाई. तिकडून साखर, मनुका आणि कागद येई, कारण आपल्या किनाऱ्यावर त्या काळी लिहिण्यासाठी ताडपत्र होते, पण बेन यिजूच्या सवयीचा कागद मिळत नव्हता. एडनचा मित्र व्यापारी पत्राच्या शेवटी, सोबत पाठवलेल्या भेटीत इतके ताव कागद आहेत, असे आवर्जून कळवतो. मी आयुष्यभर हिशेबाचे कागद हाताळले, पण कागद ही भेट देण्याची वस्तू असू शकते हे प्रथम या पत्रांवरून कळले.

एडनमधला मदमून हा तिथल्या ज्यू व्यापाऱ्यांचा प्रमुख आणि बंदरावरचा वजनदार माणूस. त्याच्या बेन यिजूला लिहिलेल्या पत्रांत मंगळूरच्या हिंदुस्थानी व्यापाऱ्यांची नावे येतात: एक सूस सेट्टी असे वाचले जाते, दुसरा इसहाक बनिया. सेट्टी म्हणजे आपला शेट्टीच असणार, आणि इसहाक हे नाव एका बनियाला कसे लागले यावर तर्क करायला अभ्यासकांना पुष्कळ जागा आहे. बेन यिजूचा बोम्मा नावाचा दास त्याच्या वतीने एडनला जाऊन माल पोहोचवी, वसुली करी, प्रसंगी जास्त खर्च करी आणि त्याबद्दल पत्रांत तक्रारही होई. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या तुळू मुलुखातल्या एका सामान्य माणसाचे नाव आणि त्याच्या हातून झालेल्या खर्चाची रक्कम आपल्याला कळते ती कुठल्याही शिलालेखावरून नव्हे, कुठल्या बखरीतून नव्हे, तर परदेशी व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या चिठ्ठ्यांवरून. शिलालेखात दान देणाऱ्याचे नाव असते. दानाचे तांदूळ वाहून नेणाऱ्याचे नसते.

त्याच माणसाच्या पुढच्या आयुष्याचा हिशेबही याच कोठीत निघाला. ११४९ मध्ये तो मुलगा आणि मुलगी यांना घेऊन एडनला परतला. मुलगा येमेनमध्ये वारला. सिसिलीच्या नॉर्मन राजाने महदिया घेतल्यामुळे पांगलेल्या भावंडांना त्याने लिहिलेली काळजीची पत्रे आहेत. आणि शेवटी ११५६ मध्ये फुस्तातला आपल्या पुतण्याशी मुलीचे लग्न लावून दिल्याचे कागद आहेत. बेन यिजू काटकसरी असावा. आलेल्या पत्रांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्याने आपले हिशेब लिहिले, कवितांचे कच्चे खर्डे केले, धर्मशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे जुळवली आणि परतीच्या प्रवासात सोबत घ्यायच्या सामानाची यादीही केली. एका बाजूस मिरीचा भाव, पाठीमागे कविता! आपल्याकडे वहीच्या पाठपानावर कुणी अभंग उतरवून ठेवलेला असतो, ते पाहिले की हे अजिबात नवल वाटत नाही.

ज्यांच्यापुढे मोठ्या माणसाचे नाव घेतल्याशिवाय कागदाला किंमत येत नाही त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. मोझेस मैमोनिडीज हे ज्यू तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र यांतले सर्वश्रेष्ठ नाव. ते फुस्तातमध्येच राहत आणि वैद्यकी करीत. त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरातले खर्डे, खोडलेल्या आणि पुन्हा लिहिलेल्या ओळींसह, या कोठीत सापडले. पण मला त्याहून जवळचे वाटते ते त्यांच्या धाकट्या भावाचे, दावीदचे पत्र. कुटुंबाचा व्यापार तो सांभाळी. ११७० च्या सुमारास तांबड्या समुद्राकाठच्या ऐधाब बंदरातून त्याने थोरल्या भावाला लिहिले, की वाळवंटात तांड्यापासून वेगळे पडून तो कसाबसा पोहोचला आहे, इथे विकत घेण्याजोगा माल काही मिळाला नाही, सबब हिंदुस्थानला जायचे ठरवले आहे, आणि घरच्यांनी काळजी करू नये. तो हिंदी महासागरात बुडाला. त्यानंतर थोरल्या भावाला आलेल्या आजारपणाची आणि शोकाची हकीकत स्वतः मैमोनिडीज यांच्या लेखनातून जगाला आधीपासून ठाऊक होती, परंतु त्या प्रवासाचे कारण, म्हणजे ऐधाबच्या बाजारात त्या मोसमात माल नव्हता ही साधी व्यापारी गोष्ट, केवळ या पत्रामुळे कळली.

आपल्या शहराचा धंदा कापडाचा, म्हणून त्या अंगाने दोन शब्द लिहितो. अकराव्या शतकातला नहराय बेन निसीम हा फुस्तातचा बडा व्यापारी. त्याला आलेली आणि त्याने लिहिलेली शेकडो पत्रे या कोठीत मिळाली. इजिप्तचा जवस, म्हणजे ज्याच्या खोडापासून लिननचा धागा निघतो ते पीक, ट्युनिशिया आणि सिसिलीकडे पाठवणे हा त्याचा मोठा व्यवहार. त्यात कोणत्या गावचा धागा चांगला, कुठली गाठ बांधताना ढिली राहिली, बाजार पडला असताना माल धरून ठेवावा की काढून टाकावा, कोणते जहाज लागले आणि कोणते अजून आले नाही, ही चर्चा इतकी ओळखीची आहे की मंगळवार पेठेतल्या जुन्या माणसाला वाचून दाखवली तर तो मध्येच ‘बरोबर बोलतोय’ म्हणेल. लग्नाच्या करारांना वधूच्या सामानाच्या याद्या जोडलेल्या असत. त्यांत प्रत्येक वस्त्राचे नाव, रंग आणि किंमत लिहिलेली असे, आणि त्यांच्या आधारे त्या काळच्या कपड्यांच्या अभ्यासाचा एक मोठा भाग उभा राहिला आहे. जुन्या कैरोच्या उकिरड्यांतून आणि कबरींतून गुजरातेतल्या छापील सुती कापडाचे तुकडेही निघाले. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात इजिप्तमधून आलेले असे बाराशेंच्या आसपास तुकडे आहेत. ते गेनिझातले नव्हेत, पण कागद आणि कापड शेजारी ठेवून पाहिले की व्यापाराचे दोन्ही पुरावे हाती येतात. आपल्याकडे चादरीला २००५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिच्या इतिहासाविषयी बरेच बोलले गेले. जुन्या जकार्ड मागांसाठी आलेख-कागदावर चौकटी भरून काढलेली नक्षीची चित्रे आणि भोके पाडलेल्या पत्त्यांच्या माळा मात्र अनेक कारखान्यांतून माग भंगारात गेले तेव्हा त्यांच्याबरोबरच गेल्या.

आता न निवडण्याचा मुद्दा. अलीकडे एका स्नेह्याने जुन्या वह्यांसंबंधी बोलताना असा सूर लावला, की महत्त्वाचे तेवढे ठेवावे, बाकीचे जाऊ द्यावे. हा व्यवहारी सल्ला वाटतो. पण महत्त्वाचे काय हे ठरवणार कोण, आणि केव्हाच्या गरजेनुसार? खुद्द केंब्रिजमध्ये काय झाले ते पाहावे. शेख्टर १९०२ मध्ये न्यूयॉर्कला गेले, तोवर त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा तो भाग लावून झाला होता. उरलेले पेट्यांत भरून ठेवले गेले आणि अर्धशतकाहून अधिक काळ त्याकडे कोणी फिरकले नाही. १९५० च्या दशकात गॉइटाइन प्रभृतींनी त्या पेट्या उघडायला लावल्या, आणि त्यांच्या कामाला लागणारी अनेक पाने त्या टाकाऊ समजलेल्या साठ्यातून निघाली. १९७४ मध्ये ग्रंथालयात गेनिझा संशोधनाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला, तेव्हा कुठे सगळ्या तुकड्यांना क्रमांक, जपणूक आणि सूची मिळण्याचे काम नेटाने होऊ लागले. शेख्टर हे आपल्या काळातले अव्वल दर्जाचे विद्वान होते. त्यांनाही १९०२ मध्ये हिशेबाच्या चिठ्ठीची किंमत कळली नाही, कारण त्या काळचे प्रश्नच वेगळे होते. त्यांची थोरवी अशी, की न कळलेले त्यांनी कैरोत सोडून दिले नाही आणि केंब्रिजने ते जाळले नाही.

आणखी एक उदाहरण याच मुद्द्याचे. त्या काळी इजिप्तवर राज्य करणाऱ्या फातिमी खलिफांच्या दरबारातून निघालेली फर्माने मोठ्या रुंद ओळींची असत, दोन ओळींत भरपूर कोरी जागा सोडलेली, म्हणजे वाचणाऱ्याला सत्तेचा थाट जाणवावा. अशी फर्माने मुदत सरल्यावर कापली गेली आणि त्यांच्या पट्ट्या बाजारात आल्या; ज्यू लेखनिकांनी त्या घेऊन मधल्या मोकळ्या जागेत बारीक हिब्रू अक्षरांत आपला मजकूर लिहिला. हिब्रू वाचणाऱ्या अभ्यासकांना बरीच वर्षे त्या मजकुराखालच्या मोठ्या अरबी अक्षरांत फारसा रस नव्हता. अलीकडच्या संशोधकांनी नेमक्या त्या अक्षरांकडे पाहिले आणि फातिमी राज्याच्या कारभाराचे अस्सल कागद, जे खुद्द त्या राज्याच्या दफ्तरात आज उरलेले नाहीत, या ज्यू कोठीतून वेगळे काढले. एकाच पानावर दोन पिढ्यांच्या अभ्यासकांनी दोन निरनिराळ्या गोष्टी वाचल्या. ‘महत्त्वाचे तेवढे’ ठेवले असते तर दुसऱ्या पिढीच्या हाती काहीच लागले नसते.

मात्र फुस्तातच्या कोठीला आदर्श मानावे असे मला म्हणायचे नाही, आणि इथे या विषयावर उत्साहाने लिहिणारे बरेचजण घसरतात. ती कोठी म्हणजे दफ्तर नव्हते. कागद कोणी कोणत्या घरातून आणले याची नोंद नव्हती, वर-खाली असा क्रम नव्हता, आणि १८९० च्या आसपास सिनेगॉगची डागडुजी झाली तेव्हा आणि नंतर बरेच कागद व्यापाऱ्यांच्या हाती जाऊन पानापानाने विकले गेले. परिणाम असा, की आज एकाच पत्राचा वरचा अर्धा भाग केंब्रिजला, खालचा न्यूयॉर्कला आणि मधली पट्टी सेंट पीटर्सबर्गला असे होते. एकूण तुकडे तीन ते चार लाखांच्या घरात मोजले जातात आणि ते ऑक्सफर्ड, मँचेस्टर, लंडन, पॅरिस अशा कितीतरी शहरांत विखुरले आहेत. आता त्यांची छायाचित्रे संगणकावर आणून, हस्ताक्षर, ओळींमधले अंतर आणि फाटलेली कड जुळवून तुकडे पुन्हा जोडण्याचे काम चालू आहे. त्यांपैकी पुष्कळशी छायाचित्रे कोणालाही घरबसल्या विनामूल्य पाहता येतात. त्या जुळ्या बहिणींच्या संग्रहातले सुमारे १,७०० तुकडे २०१३ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या ग्रंथालयांनी मिळून १२ लाख पौंडांना विकत घेतले. एका खोलीतून एकत्र निघालेले कागद पुन्हा एकत्र आणण्यासाठी जगाने किती कष्ट आणि पैसा ओतला, याचा हिशेब मांडला तर सुरुवातीलाच प्रत्येक गठ्ठ्यावर एक ओळ लिहून ठेवणे किती स्वस्त पडते ते कळेल.

सोलापुरात काय करता येईल? पेशव्यांचे दफ्तर पुण्यात सरकारने सांभाळले. भारत इतिहास संशोधक मंडळाने १९१० पासून सरदार घराण्यांचे कागद मिळवले. ते कागद मुख्यतः राज्यकारभाराचे. आपल्या शहराचे जे खरे वैशिष्ट्य, म्हणजे १८७० च्या दशकात सुरू झालेल्या जुन्या मिलपासून पुढे वाढलेला सुताचा, मागांचा आणि आडतीचा व्यवहार, त्याचे कागद कोणत्याच एका छताखाली नाहीत. जैन पोथ्यांची जपणूक आणि प्रकाशन या शहरात पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने झाले आहे, हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे, २००४ पासून स्वतःचे विद्यापीठ आहे. म्हणजे कागद सांभाळण्याची जाण इथे नाही असे मुळीच नव्हे. फक्त ती पोथीपाशी थांबली, खतावणीपर्यंत आली नाही.

माझी मागणी मोठ्या संग्रहालयाची नाही. संग्रहालय म्हटले की जागा, निविदा, उद्घाटन आणि मग कुलूप हा क्रम आपण पाहत आलो आहोत. विद्यापीठाने किंवा एखाद्या वाचनालयाने एक कोरडी, वाळवीप्रतिबंधक औषध मारलेली, जमिनीपासून उंच लोखंडी मांडण्या असलेली खोली द्यावी. वाडा पाडणाऱ्या किंवा पेढी बंद करणाऱ्या कुटुंबाने रद्दीवाल्याला बोलावण्याआधी तिथे निरोप द्यावा, आणि कोणीतरी टेम्पो घेऊन जाऊन गठ्ठे आहेत त्या अवस्थेत, मूळ रुमाल न सोडता, उचलून आणावेत. आणल्याबरोबर जाड कागदाच्या चिठ्ठीवर घराचे किंवा पेढीचे नाव, पेठ, कोणत्या खोलीत होते, कोणी दिले आणि दिनांक एवढे लिहून चिठ्ठी गठ्ठ्याला बांधावी. वाचन, सूची, छायाचित्रे हे सारे पुढचे, आणि त्याची घाई नाही. फुस्तातचे कागद आठशे वर्षे वाचकाची वाट पाहत होते. आपले कागद निदान वीस वर्षे वाट पाहू शकले पाहिजेत, आणि आजच्या माळ्यावर ते शक्य नाही.

यावर दोन आक्षेप येतील, आणि ते रास्त आहेत. पहिला, घरातल्या खासगी गोष्टी बाहेर पडतील. जुन्या वह्यांत कोणाचे कर्ज बुडाले, कोणाच्या दागिन्यांवर रक्कम काढली, भावाभावांत कशी वाटणी झाली, हे सगळे असते. बेन यिजूच्या आणि नहरायच्या पत्रांतही रुसवेफुगवे, थकबाकी आणि एकमेकांवर घेतलेले संशय आहेत, पण त्यांचे वारस आज ओळखू येत नाहीत, आपले येतात. म्हणून देणाऱ्या कुटुंबाला अमुक वर्षांपर्यंत गठ्ठा उघडू नये अशी अट घालण्याची मुभा असावी आणि ती काटेकोर पाळली जावी. अशी लेखी हमी मिळाली तर आज संकोचाने वह्या फाडून टाकणारी कितीतरी घरे त्या देतील असे मला वाटते. दुसरा आक्षेप वाचकांचा. मोडी वाचणारे आता थोडे उरले आहेत, आणि मोडीबरोबर पेढीच्या हिशेबातल्या खुणा, आण्या-पैच्या रेघा, वजनाची जुनी मापे समजणारे त्याहून थोडे. ही माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. विद्यापीठाच्या इतिहास आणि वाणिज्य विभागांच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याशेजारी बसून दोन-चार वह्या वाचून घेतल्या, आणि तेलुगू, कानडी, उर्दू जाणणारे वर्गमित्र सोबत घेतले, तर पुढच्या पिढीला किल्ली तरी हाती राहील. त्या मानाने खर्च फारच कमी आहे.

आपल्या वृत्तपत्राकडे विनंती एवढीच, की ही सूचना शहरातल्या संबंधित संस्थांपर्यंत पोहोचवावी आणि दिवाळीच्या आवराआवरीला अजून अवधी आहे तोवर, जुन्या वह्या आणि पत्रे रद्दीत न घालता बाजूला काढून ठेवावीत, असे निवेदन व्यापारी पेठांतल्या वाचकांसाठी ठळकपणे छापावे. खोलीची व्यवस्था होईपर्यंत ज्यांच्या घरी जागा नसेल त्यांच्यासाठी आमच्यासारखी काही निवृत्त मंडळी आपापल्या घरी गठ्ठे ठेवून घ्यायला आणि चिठ्ठ्या लिहायला तयार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस,
सोलापूर